दोनशे चौदा झाडांचं कोड

आमच्या गल्लीच्या टोकाला, जिथे डांबर संपतं आणि जंगलखात्याचं तारेचं कुंपण सुरू होतं, तिथल्या घरात दोन टेपा होत्या. एक कापडी, ती अक्कांच्या गळ्यात. दुसरी पोलादी, ती त्यांच्या धाकट्या भावाच्या खांद्यावरच्या पिशवीत. अक्का लोकांचे कपडे शिवायच्या आणि भाऊ झाडांचे घेर मोजायचे. गल्लीतल्या मुलांनी त्यांचं नाव टेपकाका पाडलं, आणि मुलं मोठी झाली तरी नाव तेच राहिलं.

एकदा सकाळच्या घाईत टेपांची अदलाबदल झाली. टेपकाकांनी त्या दिवशी कापडी टेपने चाळीस झाडं मोजली. संध्याकाळी अक्का सहज म्हणाल्या की त्या टेपचा पहिला इंच केव्हाच झिजून गेलाय, मी तो मनात धरून चालते. दुसरा कुणी असता तर प्रत्येक आकड्यातून एक इंच वजा करून मोकळा झाला असता. टेपकाका दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन चाळीसही झाडं मोजून आले. मी गल्लीतल्याच शाळेत शिकवतो. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "सर, वजाबाकी बरोबरच आली असती. पण मी मोजलं, असं म्हणता आलं नसतं."

त्यांचं काम ऐकायला सोपं होतं. जंगलातून एक ओढा जातो. त्याच्या काठची सहाशे झाडांची पट्टी खात्याने कायमच्या मोजणीसाठी राखलेली. प्रत्येक झाडाला पत्र्याचा नंबर ठोकलेला. दर हिवाळ्यात, पानं झडून गेली की टेपकाकांनी जायचं, साडेचार फुटांची काठी बुंध्याला लावायची, तेवढ्या उंचीवर टेप गुंडाळायची, घेर वहीत लिहायचा. झाड वर्षात किती जाड झालं ते त्यावरून कळतं. असे त्यांनी सव्वीस हिवाळे काढले.

पानं नसलेल्या दिवसांत काम असल्यामुळे त्यांची झाडांशी ओळख सालीवरून होती. झाडांना त्यांनी आपली नावं दिली होती. जिची साल पापुद्र्यासारखी सुटून पडते ती कागदी. चौकोनी भेगांचा, काळपट, तो मगरपाठ्या. तुळतुळीत फिकट अंगाची ती गुळगुळी. डोळे मिटून नुसता तळहात टेकवला तरी त्यांना झाड ओळखता यायचं. हे मी स्वतः पाहिलं आहे. आम्ही त्यांना मुद्दाम गोल फिरवून एका बुंध्याशी उभं केलं होतं. हात लावून ते झाडाचं नाव म्हणाले, वर नंबरही म्हणाले.

त्यांच्या वह्या हा खात्यात कौतुकाचा विषय होता. सव्वीस वह्या, एकाही पानावर खाडाखोड नाही. दर वर्षी नव्या वहीच्या पहिल्या पानावर ते खुणांची यादी उतरवायचे. 'पो' म्हणजे पोकळ. 'वी' म्हणजे वीज पडलेलं. 'फु' म्हणजे बुंध्यातून फुटवा. आणि 'को' म्हणजे कोड, पुढे स्वल्पविराम देऊन 'सालीचा रोग'. ही यादी त्यांना त्यांच्या आधीच्या मोजणीदाराने दिली होती, त्याला त्याच्या आधीच्याने. बुंध्यावर पांढरे, करडे, हिरवट डाग दिसले की शेऱ्याच्या रकान्यात 'को' लिहायचं. टेपकाकांनी त्यात स्वतःची एक भर घातली होती. नुसतं 'को' लिहून त्यांचं समाधान होईना, म्हणून ते काठीच्या उंचीवरच्या डागाचा आकारही लिहायचे. को, बटणाएवढं. को, वाटीएवढं. को, तळहाताएवढं. हा आकार कुणी मागितला नव्हता. शेऱ्याचा रकाना मुळात कुणी वाचतच नव्हतं.

आता अक्कांबद्दल सांगायला हवं. अक्कांच्या अंगावर कोड होतं. नवव्या वर्षी ओठाच्या कोपऱ्यात सुरू झालं, मग हात, मान, अर्धा चेहरा. शाळेत त्यांच्या बाकावर कुणी बसायला तयार नव्हतं. त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान भावाने त्या पायी दोन मुलांना मारलं आणि तिसऱ्याकडून मार खाल्ला. पुढे अक्कांनी मशीन घेतलं आणि त्या जगाशी आपल्या पद्धतीने वागू लागल्या. एखादी नवी बाई माप देताना अंग चोरू लागली की त्या टेप तिच्याच हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "घ्या, तुम्हीच घ्या माप. चुकलं तर मात्र पोटावर आवळेल." बाई ओशाळून हसायची आणि हात खाली करायची. बहुतेकींचे कपडे मग जन्मभर अक्कांकडेच शिवले गेले.

टेपकाकांच्या निवृत्तीला एक हिवाळा उरला होता तेव्हा ती बाई आली. विद्यापीठातून आली होती, तिशीची, पाठीवर सॅक, गळ्यात दोरीला बांधलेलं एक छोटं भिंग. ओढ्याकाठच्या पट्टीत तिला दगडफुलांचा अभ्यास करायचा होता. मजुरांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव दगडफूलबाई ठेवलं. खात्याच्या साहेबांनी टेपकाकांना सांगितलं, काका, पट्टी तुमच्याइतकी कुणाला माहीत नाही, बरोबर जा.

टेपकाका नाखुशीनेच गेले. त्यांना वाटलं, दगडफूल म्हणजे ओढ्यातल्या दगडांचं काम असेल, आपण काठावर उभं राहायचं. बाई दगडांकडे गेलीच नाही. ती सरळ एका गुळगुळीपाशी गेली, बुंध्यावरच्या पांढऱ्या डागाला नाक लागेल इतकी वाकली आणि तशीच राहिली. टेपकाकांनी वहीत पाहून माहिती दिली की या झाडाला कोड आहे, वाटीएवढं.

"कोड नाही काका, दगडफूल," ती म्हणाली. "नाव फसवं आहे. दगडही नाही आणि फूलही नाही. बघा तरी."

तिने भिंग डोळ्याशी कसं धरायचं ते दाखवलं. टेपकाका वाकले.

पुढचं त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मीच तिथे होतो असं वाटतं. आधी नुसतं धुकं दिसलं. मग श्वास रोखला तसं ते स्थिर झालं, आणि त्या चुन्याच्या डागात त्यांना एक अख्खा मुलूख दिसला. करड्या जमिनीला भेगा होत्या, भेगांमधून उंचवटे होते, आणि त्या उंचवट्यांवर शेकडो इवल्या दौती मांडून ठेवल्या होत्या. प्रत्येक दौतीला गोल काठ, आत काळी शाई. सव्वीस वर्षं ते त्या डागाच्या वरून टेप फिरवत होते. त्यांनी भिंग काढून डाग पाहिला, डागच होता. पुन्हा भिंग लावलं, पुन्हा दौती.

बाईने त्यांना शेजारच्या झाडापाशी नेलं. तिथल्या पांढऱ्या पापुद्र्यावर काळ्या बारीक रेघा होत्या, आखूड, वळणदार, ओळीने लिहिल्यासारख्या. टेपकाकांचा उभा जन्म वहीतलं अक्षर जपण्यात गेलेला. त्यांनी खूप वेळ पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं की हे कुणी लिहिलंय. बाई हसली नाही. म्हणाली, मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

मग तिने पिशवीतून पाण्याची छोटी बाटली काढली आणि एका सुकल्या, राखाडी, पानासारख्या झालरीवर दोन थेंब टाकले. टेपकाकांच्या डोळ्यांदेखत राख हिरवी झाली. दहा आकडे मोजायच्या आत झालर फुगली, तिच्या कडा उलगडल्या. मेलेलं वाटणारं काहीतरी जागं झालं होतं. त्यांनी बाटली मागून घेतली आणि दुसऱ्या झालरीवर स्वतः पाणी टाकलं. मग तिसऱ्या. त्या दिवशी मोजणी झाली नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी येऊन त्यांनी अक्कांना सगळं सांगितलं. ही दोन जिवांची जोडी असते, एक बुरशी आणि एक शेवाळ. बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं. झाडातून काही घेत नाहीत, नुसती टेकायला जागा घेतात. अक्का काजं करत होत्या. त्यांनी आधी विचारलं, दगडफूल म्हणजे वाण्याकडे मिळतं तेच ना. मग म्हणाल्या, "म्हणजे एकाने घर सांभाळायचं आणि एकाने रांधायचं. आपल्याकडे दोन्ही माझ्याकडेच आहे. तुझं शेवाळ कुठे हरवलं?"

त्यानंतर महिनाभर टेपकाका आणि बाई रोज बरोबर असत. ती शिकवायला आली होती की शिकायला, हे लवकरच सांगता येईना. तिला कळायचं होतं की एकाच पट्टीत, एकाच हवेत, या झाडावर ही आणि त्या झाडावर ती दगडफुलं का. टेपकाकांना 'का' ठाऊक नव्हतं, पण 'कुठे' पाठ होतं. ते म्हणाले, कागदीला कोड कधीच धरत नाही, ती अंगावरचं दरवर्षी टाकून देते. बाईने वही काढून ते लिहून घेतलं. मगरपाठ्याच्या भेगांत पाऊस थांबल्यावरही दोन दिवस ओल राहते, तिथे झालरवाली. गुळगुळीवर पाणी थांबत नाही, तिथे अंगाला चिकटून राहणारी, लिहिल्यासारखी. कच्च्या रस्त्याच्या बाजूची झाडं नारिंगी पडतात, ओढ्याच्या बाजूची नाहीत. बाईने सालीचे कपटे पाण्यात भिजवून त्यात कागदाची पट्टी बुडवली आणि रंग दाखवला: झाडांच्या साली कमीजास्त आंबट असतात, आणि रस्त्याची धूळ बसून बसून त्यांचा आंबटपणा मरतो. नारिंगी दगडफुलाला तशीच साल हवी असते. टेपकाकांनी तो कागद वहीत जपून ठेवला.

सर्वांत जास्त ते कशाने हलले तर पानगळीने. त्यांना आजवर वाटायचं, पानं झडली की जंगल झोपतं आणि आपलं काम सुरू होतं. बाई म्हणाली, पानं झडली की ऊन बुंध्यापर्यंत येतं, सकाळचं दव खोडावर पडतं, आणि ही सगळी दगडफुलं तेव्हाच जेवायला बसतात. झाडांची विश्रांती हा यांचा सुगीचा काळ. टेपकाका मला म्हणाले, "सर, मी दर हिवाळी सहाशे पंगतींतून चालत होतो, आणि मला वाटायचं मी एकटाच आहे."

एके दिवशी बाईने जुन्या वह्या मागितल्या. घेर पाहताना तिची नजर शेऱ्याच्या रकान्याकडे गेली. तिने एक झाड धरलं आणि सव्वीस वह्यांतून त्याच नंबरची ओळ काढत गेली. पहिल्या वहीत बटणाएवढं. मधल्या वह्यांत डबीच्या झाकणाएवढं. शेवटी वाटीएवढं. तिने हिशेब मांडला. डाग वर्षाला चहूबाजूंनी जेमतेम तिळाएवढा सरकत होता. एकाच उंचीवर, एकाच माणसाच्या डोळ्यांनी, न चुकता सव्वीस वर्षं. तिने वही मिटली आणि म्हणाली की अशी नोंद तिने कुठेच पाहिलेली नाही.

मग दोघं अठ्ठ्याऐंशी नंबरच्या झाडाकडे गेले. पट्टीतला तो सर्वांत थोरला मगरपाठ्या, ओढ्याच्या वळणावर पायवाटेशी उभा. त्याच्यावरचा एक डाग पहिल्या वहीतच ताटलीएवढा होता आणि आता ताटाएवढा. बाईने तिळाच्या हिशेबाने मागे मोजलं. ऐंशी वर्षं तरी. टेपकाकांच्या वडिलांचा जन्म झाला नव्हता तेव्हा हा डाग बटणाएवढा होता. तेवढ्या काळात झाडाचा घेर वाढत गेला, साल ताणत गेली, आणि हा जीव तीळ तीळ सरकत धरून राहिला. टेपकाकांनी टोपी काढली. ऊन नव्हतं, तरी काढली.

सव्वीस वर्षं तो रकाना कुणी वाचला नव्हता. त्या हिवाळ्यात तो एकाच महिन्यात दोघांनी वाचला. दुसरे वाचणारे होते साहेब.

वरून आदेश आला होता की लागोपाठ दोन वर्षं रोगाची नोंद असलेली झाडं काढून टाकावीत, म्हणजे रोग बाकीच्यांत पसरणार नाही. साहेब व्यवस्थित माणूस. त्यांनी टेपकाकांच्या वह्या मागवल्या, पहिल्या पानावरची यादी वाचली, 'कोड, सालीचा रोग' खाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि कारकुनाला यादी करायला बसवलं. दोनशे चौदा झाडं निघाली. तोडणीची टोळी दहा दिवसांनी यायची होती. यादीखाली एक ओळ छापलेली होती, 'सदर झाडे रोगट असल्याचे मी पाहिले आहे', आणि त्याखाली मोजणीदाराच्या सहीची जागा. अठ्ठ्याऐंशी नंबर पहिल्याच पानावर होता.

टेपकाका ती यादी घेऊन घरी आले. त्यांनी सही केली नव्हती, पण करणार नाही असंही साहेबांना सांगितलं नव्हतं. मी त्या संध्याकाळी त्यांच्याकडे बसलो होतो. ते अक्कांना समजावत होते, खरं तर स्वतःलाच समजावत होते. यादी त्यांच्याच वह्यांवरून झाली होती. ती खोटी म्हणायची तर सव्वीस वह्या खोट्या म्हणायच्या, तेही जाता जाता. लोक म्हणतील, यांचे घेर तरी खरे कशावरून. वहीत तसं लिहिलंय, असं ते तीन-चारदा म्हणाले.

अक्कांनी मशीनवरचा पाय काढला. "काय लिहिलंय वहीत?"

"कोड, सालीचा रोग."

"कुणी लिहिलंय?"

टेपकाकांनी यादीची घडी केली, पुन्हा उलगडली.

"मला एवढंच सांग," अक्का म्हणाल्या, "माझं नाव त्या यादीत कितव्या नंबरवर घालू?"

आवाज चढवला नव्हता. त्यांनी पुन्हा पाय मशीनवर ठेवला आणि शिवण पुढे चालू केली. टेपकाका बराच वेळ अक्कांच्या हातांकडे बघत होते. ज्या एका शब्दासाठी त्यांनी सहाव्या वर्षी मार खाल्ला होता, तो शब्द त्यांनीच दर वर्षी, सुंदर अक्षरात, नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होता. इतकी वर्षं बहिणीचं कोड आणि झाडाचं कोड त्यांच्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होतं. मला ते एकदम थकलेले वाटले. मी उठलो, निरोप घ्यायचाही राहिला.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांपुढे उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. यादीवर सही करता येणार नाही म्हणाले, कारण कोड हा रोग नाही. साहेबांनी चष्मा काढला. तुमच्याच वह्या सांगतात, ते म्हणाले, आणि खात्यात तुमच्या वह्यांइतकं विश्वासाचं दुसरं काही नाही.

"घेर बरोबर आहेत, साहेब," टेपकाका म्हणाले. "शब्द चुकला."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग नियम सांगितला. जुनी नोंद बदलायची तर ती खोडावी लागेल, लाल शाईने, आधीचं वाचता येईल अशी, शेजारी कारण आणि सही. सव्वीस वह्या, सव्वीस पहिली पानं. आणि एवढ्यावर भागणार नाही. दोनशे चौदा झाडं एकेक करून नव्याने तपासून धडधाकट की रोगट ते लिहून द्यावं लागेल, टोळी येण्याआधी. त्यातली काही झाडं साहेब स्वतः तपासतील. एकही चूक निघाली तर जुनी यादीच चालेल. "काका, तुमच्या वह्यांवर आजवर एक डाग नाही," ते शेवटी म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

टेपकाकांनी तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर लाल पेन मागून घेतलं. पहिल्या वहीत 'सालीचा रोग' या दोन शब्दांवर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'दगडफूल. झाडास अपाय नाही. माझी चूक.' सव्वीस वेळा लिहिलं. 'पूर्वीच्या यादीवरून' असं लिहिलं असतं तरी चाललं असतं, ते खरंही होतं. कारकुनाने तसं सुचवलंही. टेपकाका म्हणाले, उतरवलं मीच ना.

मग सुरू झाली तपासणी. हातात लाकडी हातोडी. बुंध्यावर चारी बाजूंनी, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत ठोकायचं आणि कान लावून ऐकायचं. भरीव झाड बोटाच्या पेराने टेबल वाजवल्यासारखं बोलतं, पोकळ झाड रिकाम्या पिंपासारखं. फांद्यांच्या कळ्या पाहायच्या, साल कुठे सुटली आहे का, मुळाशी भुसा पडला आहे का. दिवसाला पंचवीस-तीस झाडं. बाई मागून लिहून घ्यायची. शाळेला सुट्टी होती तेव्हा मीही दोन दिवस गेलो. हातोडी मारताना टेपकाका डाग चुकवून मारत होते. इतक्या जपून की मला एखाद्या डॉक्टरची आठवण झाली, जो तान्ह्या मुलाला तपासण्याआधी हात चोळून गरम करतो.

शेवटच्या नंबराकडून सुरुवात केली होती, त्यामुळे सहाव्या दिवशी ते अठ्ठ्याऐंशीपाशी पोचले. पहिला ठोका मारला आणि थांबले. दुसऱ्या बाजूने मारला. मुळाशी वाकून हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला. बाईच्या लक्षात आलं. तिने वही खाली केली. या एका झाडावर तिने एकतीस प्रकारची दगडफुलं मोजली होती, पट्टीत कुठेही नव्हती इतकी. थोरल्या, भेगाळ, उतारवयाच्या झाडावरच ती सगळी एकत्र सापडतात. ती हळूच म्हणाली की हे झाड यंदा पडणार नाही, आणखी पाच-सात वर्षं तरी उभं राहील, तुम्ही धडधाकट लिहिलं तर कोण विचारणार आहे.

"पोकळ आहे, बाई. पायवाटेवर झुकलंय." टेपकाकांनी हातोडी पिशवीत ठेवली. "आणि हे एक खोटं लिहिलं, तर बाकीची दोनशे कोण खरी मानेल?"

टेपकाकांनीच तिच्या हातून वही घेतली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: अठ्ठ्याऐंशी, पो. मग डागाचा आकार लिहिला. ताटाएवढं.

एकंदर अकरा झाडं त्यांनी तोडणीला दिली, दोनशे तीन धडधाकट. टोळी यायच्या आदल्या सकाळी साहेब आले, यादी न पाहता त्यांनी मनाने पंधरा नंबर निवडले आणि आपल्या माणसाकडून झाडांना भोक पाडून आतला गाभा तपासून घेतला. तेरा भरीव, दोन पोकळ. पंधराच्या पंधरा जुळले. पोकळांत एक अठ्ठ्याऐंशी होतं. साहेबांनी त्याच्याकडे वर पाहिलं, ताटाएवढ्या डागावर बोट फिरवलं, टेपकाकांकडे पाहिलं. जुनी यादी त्यांनी घडी करून खिशात घातली आणि नव्या यादीवर सही केली.

टोळी आली त्या दिवशी अक्काही माझ्याबरोबर जंगलात आल्या. म्हणाल्या, बघू तरी तुझे दोनशे तीन भाऊबंद. ऊन खोडांवर तिरपं पडलं होतं. त्या प्रत्येक झाडापाशी थांबत, भिंगातून बघत, आणि मध्येच विचारत, हे रेशीम कुठलं, ही वेलबुट्टी कुणाची. एका गुळगुळीच्या पांढऱ्या डागाशेजारी त्यांनी आपला पांढरा हात धरून पाहिला, रंग जुळतो का म्हणून, आणि निकाल दिला की झाडाचं काम जास्त सुबक आहे.

अठ्ठ्याऐंशी दुपारी पडलं. पडताना आवाज फार मोठा झाला नाही. आतून रिकामं होतं. धुरळा बसल्यावर बाई पुढे झाली आणि तिथेच उभी राहिली. मग तिने टेपकाकांना हाक मारली.

आजवर त्यांनी झाड साडेचार फुटांवर पाहिलं होतं. तिनेही शिडीवरून फार तर दहा फुटांवर. आता ते आडवं होतं, मुळापासून शेंड्यापर्यंत, चाळीस पावलं. मुळाशी गर्द, ओली, काळपट झालर, जिला ऊन सोसत नाही. ती चार पावलांत संपली. मग ओळखीच्या दौती. मग जिथे पहिल्या फांद्या फुटत होत्या तिथे, पावसाचं पाणी साठणाऱ्या खोबणीत, तळव्याएवढी जाड, सुरकुतलेली पानं, खालून लव असलेली. त्यापुढे फांद्यांवर सगळंच बदललं. करड्याच्या जागी फिका पिवळा आला, मग गर्द पिवळा. आणि शेंड्याकडच्या काटक्यांवर, जिथे वर्षभर ऊन आणि वारा यांखेरीज कुणी पोचत नव्हतं, तिथे केसांसारखे, टिचभर लांब, सोनेरी झुबके लोंबत होते. एकेका काटकीवर शंभर. बाईने त्यांतले निम्मे कधी पाहिलेले नव्हते. तिने गुडघे टेकले आणि लिहायला सुरुवात केली, पण दोन ओळी लिहून पेन तसंच धरून बसून राहिली.

टोळीचा मुकादम करवत घेऊन आला होता. टेपकाकांनी त्याला हात जोडून एक दिवस मागितला. मुकादम त्यांना वीस वर्षं ओळखत होता. काका, तुम्ही कधी काही मागितलं नाहीत, घ्या दिवस, म्हणाला आणि माणसांना घेऊन दुसऱ्या झाडाकडे गेला.

टेपकाका आडव्या झाडाच्या कडेने चालू लागले. भिंग डोळ्याशी, वाकून, एकेक वीत पुढे. अक्का फांद्यांपाशी एका दगडावर बसल्या होत्या. उन्हं कलली तेव्हा ते अर्ध्यावर पोचले होते. मी त्यांना विचारलं, आता निघायचं का. त्यांनी ऐकलं नसावं. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाले, "सर, हे सगळं वर होतं."